मदत हवी आहे : हात आखडलेल्या ग्राहकासाठी नर्सरीत कोणता माल भरावा?

नमस्कार. इंदूरला खंडवा रस्त्यावर आमची नर्सरी आहे. सासऱ्यांनी ती सुरू केली आणि गेली नऊ वर्षे मी ती सांभाळते आहे. पावसाळ्याचा माल महिन्याभरात ठरवायचा आहे, आणि इतक्या वर्षांत प्रथमच माझा निर्णय होत नाही. रोपांचा किंवा कोणताही किरकोळ विक्रीचा व्यवसाय ज्यांनी मंदीतून पार नेला असेल, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

गर्दी कमी झालेली नाही, हेच मला आधी समजून घ्यायचे आहे. रविवारी सुदामानगर, लोकमान्यनगरकडची ओळखीची कुटुंबे येतात, तासभर फिरतात, मुलांना झाडे दाखवतात. मात्र जी मंडळी पूर्वी सिरॅमिकच्या कुंडीसह अरेका पाम नेत, ती आता पिशवीतले एखादे लहान रोप घेतात आणि कुंडी घरी आहे असे सांगतात. माझ्या वहीप्रमाणे पावत्या जवळपास तेवढ्याच फाटतात, पण दर पावतीची रक्कम दिवाळीपासून निम्म्यावर आली आहे. कार्यालयांना भाड्याने दिलेली झाडे एकेक करून परत आली, आणि एका बांधकाम व्यावसायिकाकडे मागच्या वर्षीची मोठी उधारी अजून अडकलेली आहे.

ग्राहकांचे प्रश्नही बदलले आहेत. पूर्वी पहिला प्रश्न असे, फुले कधी येतील? आता मराठी घरांतली माणसेसुद्धा इथल्या सवयीने विचारतात, ‘मर तो नहीं जाएगा?’ मला वाटते, किमतीपेक्षा पैसे वाया जाण्याची भीती मोठी आहे.

खप कशाचा आहे, तर कढीपत्ता, गवती चहा, पुदिना आणि मिरची-टोमॅटोची रोपे यांचा. अमेरिकेतल्या नॅशनल गार्डनिंग असोसिएशनच्या पाहणीत २००८ मध्ये घरी भाजीपाला-फळे पिकवणारी कुटुंबे ३ कोटी ६० लाख होती आणि २००९ साठी तो आकडा १९ टक्क्यांनी वाढून ४ कोटी ३० लाखांवर गेला, असे वाचले. तेव्हा आंध्र प्रदेशातल्या कडियमहून येणारी शोभेच्या झाडांची गाडी यंदा रद्द करून सगळा भर भाजीच्या रोपांवर द्यावा का? धास्ती अशी की टोमॅटोचे रोप ट्रेमध्ये पंचवीस-तीस दिवसांत लावणीला येते आणि आठवडाभर राहिले तर काटकुळे होऊन विकण्याजोगे उरत नाही. शिवाय एका अरेकाचा नफा भरून काढायला अशी कितीतरी रोपे विकावी लागतात आणि पाणी घालणाऱ्या माणसाची मजुरी तीच राहते. कडुनिंब, जांभूळ यांच्यावर तर मी विसंबूच शकत नाही. १४ जुलै २०२४ रोजी इथे एका दिवसात ११ लाखांहून अधिक रोपे लावली गेली. पावसाळ्यात अशी रोपे फुकट मिळत असताना ती विकत कोण घेणार?

मोठ्या झाडांचे भाव उतरवावेत, असे घरचे म्हणतात. माझे मन तयार होत नाही, कारण जुलैत उतरवलेला भाव ग्राहक दसऱ्यालाही मागतो. रोप मेल्यास बदलून देण्याची हमी द्यावी, असे मला वाटते, पण ती अंगाशी येईल का?

प्रतिसाद (वडोदरा) :

ताई, माझे बियाणे-खतांचे दुकान आहे. त्या अनुभवावरून लिहितो. तुम्ही दिलेला २००९ चा आकडा पुढच्या हंगामात काय लावणार, या प्रश्नाच्या उत्तरांतून आलेला होता. मनात असणे आणि पैसे मोजणे यांत अंतर असते, आणि तिथल्या पुष्कळ घरांना अंगण आहे. आपल्याकडे गॅलरीत चार तास ऊन मिळाले तरी पुष्कळ. त्यामुळे गाडी रद्द करू नका, अर्धी करा, आणि तीच झाडे लहान आकारात मागवा. भाव उतरवण्याऐवजी आकार उतरवलात, तर दसऱ्याला तुमचा शब्द राहील. भाजीची रोपे दर आठवड्याला थोडी थोडी पेरा, म्हणजे उरलेला ट्रे फेकावा लागला तरी एकच फेकाल. कुंडी घरी आहे म्हणणारा माणूस माती कुठून आणतो, हे मात्र कोणी विचारत नाही. त्याला गांडूळखत घातलेली तयार माती द्या आणि घरची कुंडी आणल्यास लावून देण्याचे वेगळे पैसे घ्या.

हमी जरूर द्या, पण रोप तुमच्या मातीत, तुमच्या माणसाने लावलेले असेल तरच. आणि एक तपासा : मिरचीची रोपे नेणारे तुमचे जुने ग्राहक आहेत की नवे? जुने असतील, तर ते थांबलेले आहेत, गेलेले नाहीत.

धागाकर्तीचे उत्तर :

काका, मनापासून आभार. दोन रविवार वहीत खूण करून पाहिले. मिरची, पुदिना नेणाऱ्यांत बहुतेक जुनीच मंडळी निघाली, आणि त्यांतल्या दोघींनी जुन्या कुंड्या आणून माती भरूनही घेतली. गाडी अर्धी सांगितली आहे. आता हमीची मुदत तेवढी ठरायची आहे. पावसाळ्यात लावलेले रोप महिनाभर सहज तगते, पण मार्च ते मे या काळात गच्चीवरच्या उन्हात पाण्याची एक पाळी चुकली तरी ते जाते, आणि चूक रोपाची की पाण्याची हे मला कळायला मार्ग नसतो. उन्हाळ्यापुरती हमी बंद ठेवली, तर ग्राहकाला तो शब्द फिरवणे वाटेल का? ज्यांनी अशी हमी वर्षभर चालवली आहे, त्यांनी मुदत किती ठेवली होती, हे कळवावे.