फिरायला जायचं म्हणून मुलांची शाळा बुडवावी का?

सह्याद्रीवेडी (पुणे)

ऑगस्ट संपत आला की आमच्या सोसायटीतल्या पालकांच्या ग्रुपवर दरवर्षी हीच चर्चा रंगते. कुणाला लडाख गाठायचंय, कुणाच्या गावी सात दिवसांचे गौरी-गणपती, कुणाच्या आजोबांची पंच्याहत्तरी. शाळेला सुट्टी नसते. मग कुणीतरी सल्ला देतं, "व्हायरल झालंय म्हणून कळवून टाक, ओळखीच्या डॉक्टरांचं सर्टिफिकेट घे, झालं." आणि मुलाला बजावलं जातं की बाईंनी विचारलं तर ताप आला होता असंच सांगायचं.

मला हा खोटेपणा सहन होत नाही, म्हणून हा धागा काढतेय. माझी मागणी अशी आहे. सातवीपर्यंतच्या मुलांना कुटुंबाबरोबर प्रवासासाठी वर्षाला पाच दिवस रजा मिळावी. ती आधी अर्ज करून, खरं कारण लिहून मिळावी आणि हजेरीपटावर त्याच नावाने लागावी. परीक्षेच्या आठवड्यात नको, आठवीपासून पुढे नको.

कारण सांगते. डोंगर, फुलं, पक्षी आपल्या दिवाळी आणि मेच्या सुट्ट्या बघून वागत नाहीत. कास पठार बहरतं ते ऑगस्टच्या शेवटापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत. मे महिन्यात तिथे नुसता तापलेला कातळ असतो. आम्ही मुलीला सप्टेंबरात मधल्या वारी घेऊन गेलो होतो. ती कातळावर पालथी पडून दवबिंदू नावाच्या कीटकभक्षी रोपट्याच्या पानावर चिकटलेलं एक चिलट बघत बसली. पानावरचे लाल केस त्या चिलटाकडे वळतात, पण इतके सावकाश की सरळ बघून कळत नाही; दुसरीकडे बघून पुन्हा बघावं लागतं. ही युक्ती तिने स्वतः शोधून काढली. कीटकभक्षी वनस्पती पुस्तकातही आहेत, चित्रासकट. त्या चित्राखालच्या ओळी ती आता वेगळ्या नजरेने वाचते.

कारवीचं तर आणखी अवघड. मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानातली कारवी २०१६ ला फुलली, मग थेट २०२४ ला. पुढची वेळ २०३२ ची. २०२४ मध्ये आठ वर्षांच्या असलेल्या मुलाची ती चुकली असेल, तर पुढच्या खेपेला तो दहावी-अकरावीच्या क्लासमध्ये अडकलेला असणार.

पैशाचंही बोलूया, त्यात लाजण्यासारखं काही नाही. मे महिन्यात श्रीनगर, मनालीकडची विमानं आणि हॉटेलं सामान्य नोकरदाराच्या आवाक्याबाहेर जातात. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं आणि उत्तरेकडच्या गाड्या बघता बघता वेटिंगवर जातात. सगळ्यांना एकाच महिन्यात सोडायचं ठरवलं की हे होणारच.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दप्तराविना दिवस सुचवलेले आहेत. वर्गाबाहेरही शिक्षण होतं हे सरकारला मान्य आहे. मग आईवडिलांबरोबर झालेलं शिक्षण चोरून का करावं लागावं?

विरोधी मतंही मनापासून ऐकायची आहेत.

वेळापत्रक

पुण्याहून कास शनिवार-रविवारी आरामात होतं. त्यासाठी शाळा बुडवायची गरज नाही. आणि सुट्टीत बघण्यासारखं काही नसतं हे पटलं नाही. मेच्या अखेरीस भंडारदऱ्याला काजवे असतात, ऐन मे महिन्यात ताडोब्यात वाघ पाणवठ्यावर येतो, दिवाळीत हंपी बघा. ज्याला दाखवायचंय त्याला सुट्ट्या पुरतात. खरं कारण तुम्ही शेवटी लिहिलंय, तिकिटं स्वस्त पडतात. ते कारण मला मान्य आहे. फक्त त्याला शिक्षण म्हणू नका.

सह्याद्रीवेडी

शनिवार-रविवारी कासला एकदा जाऊन बघा. कुंपणाच्या कडेने रांगेत चालायचं, मागचा माणूस सेल्फीसाठी खोळंबलेला. पानाकडे वीस मिनिटं बघत बसायला जागा कुठे मिळते? बाकी काजव्यांचं मान्य, तिथे आम्हीही जातो.

खडूफळा (जि. बीड)

ताई, तुमचं लिहिणं आवडलं. मूल चिलटाकडे टक लावून बघतंय हे वाचून कोणत्याही शिक्षकाला आनंदच होईल. पण मागणीला माझा विरोध आहे, आणि तो का ते जरा सविस्तर लिहितो.

मी जिल्हा परिषद शाळेत शिकवतो. आमच्याकडे दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, आधीच घेतलेली असते, ती फेडायला नवराबायको मिळून एक कोयता, आणि कोयत्यामागे लेकरं. पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात कारखान्यावर जायचं आणि मार्च-एप्रिलला परत यायचं. पटावरची मुलं तीच राहतात, बाकं रिकामी होतात. दर ऑक्टोबरात मी आणि माझे सहकारी संध्याकाळी घरोघर जातो. लेकरू आजीपाशी ठेवा, हंगामी वसतिगृह सुरू होतंय तिथे जेवायची सोय आहे, पोरगी हुशार आहे, नेऊ नका. कुणी ऐकतं, पुष्कळजण ऐकत नाहीत. नाही ऐकलं तर शिक्षण हमी कार्ड हातात देतो आणि सांगतो, जिथे जाल तिथल्या शाळेत दाखवा. ते कार्ड किती ठिकाणी दाखवलं जातं हे आम्हाला ठाऊक आहे. फडात पाचट ओढायला, धाकट्याला सांभाळायला मोठी बहीण लागते.

गेल्या हंगामात एका बापाने मला सुनावलं, "गुरुजी, मोठ्या लोकायची लेकरं जात्यात की शाळा बुडवून फिरायला. त्यायला कोण बोलतंय?" त्याच्या मोबाइलवर कुणाचे तरी फोटो आले होते. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तुमची मुलगी पाच दिवस गेली तर भरून काढायला घरात तुम्ही आहात, पुस्तकं आहेत, हवी तर शिकवणीही आहे. आमच्या पोराचे बुडलेले पाच दिवस बुडलेलेच राहतात. शाळा रोजची असते, ती ऐच्छिक नाही, ही एकच गोष्ट त्या बापापुढे ठामपणे मांडता येते. तीच तुम्ही सैल करायला सांगताय. शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीला किमान २०० आणि सहावी ते आठवीला किमान २२० दिवस कामाचे सांगितले आहेत. वर्षाचे ३६५ धरा. उरलेले दिवस फिरायला कमी पडतात का?

गणितवाली

खडूफळा सरांशी सहमत. मी शहरातल्या शाळेत चौथी-पाचवीला गणित शिकवते, म्हणून वर्गातली बाजू सांगते. अपूर्णांकांचा छेद समान करणं आम्ही आठवडाभर शिकवतो. सोमवारी कागदाच्या घड्या, मंगळवारी आकृत्या, बुधवारी कुठे आकडे. जो मुलगा सोमवार ते शुक्रवार नसतो त्याला पालक घरी रीत शिकवतात आणि उत्तर बरोबर येतं. सहावीत तोच मुलगा अडतो, कारण घड्या त्याने केलेल्याच नसतात. चाळीसच्या वर्गात प्रत्येकाला वेगळ्या आठवड्यात पाच दिवस दिले तर मी कोणता भाग कोणासाठी किती वेळा शिकवू? पालकांना आपलं एकच मूल दिसतं, आणि ते साहजिकही आहे.

डेपोजवळचं घर (मिरज)

पहिल्यांदाच इथे लिहितेय. सह्याद्रीवेडी ताईंच्या बाजूने.

आमचे हे एसटीत चालक आहेत. तुमची दिवाळीची सुट्टी म्हणजे आमच्याकडे जादा गाड्या. मे महिन्यात लग्नसराई आणि गर्दी, आषाढीला पंढरपूर, गणपतीला कोकण. शाळेला सुट्टी असते तेव्हा यांच्या रजेच्या अर्जावर डेपोत सही होत नाही, आणि यांना रजा मिळते तेव्हा पोरांची शाळा असते. पोलिसांच्या घरी हेच, दवाखान्यातल्या नर्सच्या घरी हेच, हॉटेलात काम करणाऱ्यांचंही तेच. सुट्टीत फिरा असं सांगणाऱ्यांनी जरा विचार करावा की त्या सुट्टीत गाडी कोण चालवतं.

आम्ही श्रावणात गोव्याला मंगेशीला आणि तिथून समुद्रावर जाऊन आलो. यांनी मुलांना बसस्टँडवर उभं करून दाखवलं की कोणती गाडी कुठल्या घाटाने येते, घाट उतरताना गिअर का बदलत नाहीत. रात्री तिघं एका खोलीत गप्पा मारत होते. एरवी हे घरी येतात तेव्हा पोरं झोपलेली असतात. वर्गशिक्षिकेला मी खरं कारण लिहून दिलं होतं. त्यांनी अर्ज घेतला, पण म्हणाल्या, असं कारण चालत नाही, आजारी लिहा. मी पुन्हा लिहून दिलं. हे मला फार लागलं.

वेळापत्रक

ताई, तुमचा मुद्दा पटला. माझा विरोध स्वस्त तिकिटासाठी शाळा बुडवण्याला आहे, तुमच्या घराला नाही. पण नियम लिहायचा झाला तर हे दोन अर्ज वेगळे कसे ओळखायचे?

स्लाऊवासी (इंग्लंड)

हा वेगळेपणा नियमाने ओळखता येत नाही, हे आम्ही इथे रोज बघतो.

इंग्लंडमध्ये २०१३ पर्यंत मुख्याध्यापकांना विशेष कारणासाठी वर्षाला दहा दिवसांपर्यंत प्रवासाची रजा देता यायची. त्या सप्टेंबरपासून ते बंद झालं, आता फक्त अपवादात्मक परिस्थितीत. ऑगस्ट २०२४ पासून देशभर एकच दंड आहे. दहा शालेय आठवड्यांत पाच दिवस विनापरवानगी गैरहजर राहिलं तर दर मुलामागे दर पालकाला ८० पौंड, २१ दिवसांत भरले नाहीत तर १६०. म्हणजे दोन मुलांच्या घराला एका खेपेला ३२० पौंड. तीन वर्षांत दुसऱ्यांदा घडलं तर सरळ १६०, आणि तिसऱ्यांदा कोर्ट. आइल ऑफ वाइट बेटावरच्या एका वडिलांनी २०१५ मध्ये मुलीला फ्लोरिडाला नेलं, दंड नाकारला, खालच्या कोर्टात जिंकले आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात हरले. जर्मनी तर आणखी कडक. बव्हेरियात २०१८ मध्ये सुट्टीच्या तोंडावर पोलिसांनी विमानतळावरच शाळेच्या वयाची मुलं हेरून पालकांना गाठलं होतं.

पण परिणाम काय? आमच्या ओळखीची मराठी कुटुंबं दंड तिकिटाच्या खर्चातच धरतात. जुलै-ऑगस्टच्या सुट्टीतलं मुंबईचं तिकीट आणि आधीमधी काढलेलं तिकीट यांत दंडापेक्षा मोठा फरक पडतो. गणपती बहुतेक वेळा सप्टेंबरात येतात, म्हणजे शाळा नुकतीच उघडलेली. ज्याच्याकडे पैसे आहेत तो जातो. जो ताशी पगारावर गोदामात काम करतो त्याची मुलं आजीला व्हिडिओ कॉलवरच बघतात.

म्हणून माझं मत: सरसकट पाच दिवसही नकोत आणि दंडही नको. मुख्याध्यापकांना अधिकार द्या. त्यांना घर माहीत असतं.

सह्याद्रीवेडी

स्लाऊवासी, मुख्याध्यापकांच्या मर्जीवर सोडलं की काय होतं ते मिरजेच्या ताईंनी लिहिलंच आहे. चांगली ओळख असलेल्याला रजा, बाकीच्यांना "आजारी लिहा". लेखी नियम दुबळ्या माणसाच्या जास्त कामाचा असतो. एसटी चालकाच्या बायकोला मुख्याध्यापकांसमोर वाद घालता येत नाही, पण नियमाचा कागद दाखवता येतो.

खडूफळा सर, तुमचा प्रतिसाद मी घरी मोठ्याने वाचून दाखवला. पण उचलीपायी निघालेल्या त्या कुटुंबाला थांबवणारी गोष्ट आमची हजेरी नाही. वसतिगृह दिवाळीआधी सुरू झालं, तिथे मुलींना सुरक्षित वाटलं, उचलीचा फास सुटला, तर ते थांबतील. माझी मुलगी सप्टेंबरात वर्गात बसून राहिली म्हणून बीडमधली मुलगी शाळेत टिकेल असं मला वाटत नाही. आणि पाच दिवस व सहा महिने यांत फरक करता येईलच ना?

अबोली

माझ्या मुलाला विचारलं तर त्याला जायचंच नव्हतं. स्नेहसंमेलनाची तालीम चालू होती, परत आला तोवर त्याची भूमिका दुसऱ्याला दिलेली. दहा वर्षांच्या मुलाला हे फार मोठं असतं. वर कुणीच मुलांना विचारा असं म्हटलेलं नाही, म्हणून लिहिलं.

गणितवाली

अबोली, अगदी बरोबर. आणि भूमिका बदलणाऱ्या बाईंनाही दुसरा इलाज नसतो.

खडूफळा

ताई, वसतिगृह वेळेवर सुरू होत नाही हे खरं, त्यासाठी आम्ही दरवर्षी भांडतो. पण फरक पाच दिवस आणि सहा महिन्यांचा आहे हे तुम्हाला कळतं, कारण तुमच्या घरात शाळा तीन पिढ्या मुरलेली आहे. जिथे पहिलीच पिढी शाळेत आलीय तिथे "रजा मिळते" एवढंच पोहोचतं. पाच दिवसांचा आठवडा होतो, आठवड्याचा बाजार होतो, बाजाराचं लग्न होतं. आमच्याकडे सलग महिनाभर गैरहजर मूल शाळाबाह्य धरतात. त्या यादीतली बरीच नावं मी पहिल्या चार दिवसांच्या गैरहजेरीपासून बघितलेली आहेत.

मिरजेच्या ताई, तुम्हाला "आजारी लिहा" म्हणणं चूकच. माझ्या वर्गात असा अर्ज आला तर खरं कारण तसंच लावीन आणि तेवढ्या दिवसांचं गणित आधी करून घेईन. घटक चाचणीचा आठवडा तेवढा टाळा. पण वर्षाला पाच दिवस म्हणून परिपत्रक निघणार असेल, तर त्याच्या विरोधात निवेदनावर पहिली सही माझी असेल.