१९७४ च्या रेल्वे संपाची रीतसर नोटीस दिली होती, मग तो बेकायदा कसा ठरला?

प्रश्न
माझे वडील तेव्हा वाफेच्या इंजिनावर फायरमन होते. संपाच्या तिसऱ्या दिवशी पोलीस क्वार्टर रिकामं करायला आले. स्टोव्हवर डाळ शिजत होती. हवालदाराने तो पेटता स्टोव्ह तसाच उचलून अंगणात ठेवला, हे आई आजही सांगते. वडील बडतर्फ झाले. गेल्या महिन्यात ते गेले. "आम्ही नोटीस देऊन संप केला," एवढंच ते म्हणत राहायचे. नोटीस होती, तर मग बेकायदा कशावरून?

उत्तर १
तुमचे वडील खरंच बोलत होते. नोटीस २३ एप्रिलला दिली होती, संप ८ मेला सकाळी सहापासून होता. तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्यात रेल्वेसारख्या सेवेत संपाआधी चौदा दिवस कळवावं लागायचं, ते पाळलं होतं. सरकारने हत्यार दुसरंच काढलं. १९७१ च्या युद्धात पुकारलेली आणीबाणी उठवलीच नव्हती, त्यामुळे भारत संरक्षण नियम लागू होते. युद्धासाठी केलेल्या त्या नियमांखाली संपावर बंदी घातली. बोलणी चालू असतानाच २ मेला संपाचे नेते जॉर्ज फर्नांडिस यांना लखनौत पकडलं. पुढे मिसा या विनाचौकशी अटकेच्या कायद्याखालीही धरपकड झाली.

उत्तर २
सरकारची बाजूही बघा. महागाई भडकलेली, धान्य आणि कोळसा रेल्वेनेच जायचा. गाड्या थांबल्या की वीज केंद्रं थांबणार. कुठलंही सरकार गप्प बसलं नसतं.

उत्तर ३
गप्प बसू नये, मान्य. पण बायकापोरांना रस्त्यावर काढून कोळसा पोचतो का? मी रनिंग स्टाफमध्ये, म्हणजे गाडीवर चालणाऱ्यांत होतो. रात्री दोनला ड्युटीवर बोलावणारा कॉल बॉय दार ठोठवायचा, वहीत सही घ्यायचा. साइन ऑफ, म्हणजे ड्युटीतून सुटका कधी, ते कुणालाच माहीत नसायचं. १९७३ च्या ऑगस्टमध्ये दहा तासांची ड्युटी कबूल केली होती, ती कागदावरच राहिली. चोवीस तास इंजिनाच्या भट्टीसमोर कोळशाचं फावडं मारल्यावर माणसाला सिग्नल दिसतो का, हे कुणी विचारलं नाही. बोनस, आठ तासांची ड्युटी, सार्वजनिक उद्योगांइतका पगार, या मागण्यांत वावगं काय होतं? बोनस शेवटी १९७९ मध्ये मिळालाच. तोच आधी टेबलावर बसून दिला असता तर वीस दिवस चाकं थांबली नसती. २७ मेला संप मागे घेतला तेव्हा हातात काहीच नव्हतं.

प्रश्नकर्ता
सगळ्यांचे आभार. युद्धाच्या नियमांचं मला माहीतच नव्हतं. काल ट्रंकेतून वडिलांचे कागद काढले. १९७७ मध्ये मधू दंडवते रेल्वेमंत्री झाल्यावर कामावर परत घेतल्याचं पत्र सापडलं. मधली तीन वर्षं ते लाकडाच्या वखारीत होते. पत्राच्या घडीत नोटिशीची सायक्लोस्टाइल प्रत निघाली, शाई फिकी झालीय, पण २३ एप्रिल स्पष्ट वाचता येतं. आईला वाचून दाखवली.