पळता पळता बोलणारे: खान्देशातल्या हौशी धावपटूंचे पॉडकास्ट (अनुभव धागा)

मी धुळ्याचा. सकाळी नकाणे तलावाच्या बाजूला पळतो आणि पळण्यावरच मराठीत एक छोटा पॉडकास्ट करतो. स्पर्धा जिंकणाऱ्यांसाठी तो नाही. नोकरी, शेती, दुकान, घर सांभाळून जे पळतात, त्यांच्यासाठी आहे. जळगाव, भुसावळ, शहादा, रावेर इथंही काही जण असंच काही करतात हे हळूहळू कळत गेलं. प्रत्येक जण आपापल्या घरात एकटाच माईकसमोर बसलेला. म्हणून हा धागा.

पळण्याबद्दल ऐकायला भरपूर मिळतं, पण बहुतेक इंग्रजी-हिंदीत आणि मोठ्या शहरांतलं. समुद्राकाठच्या दमट हवेत पळणाऱ्याचा सल्ला आपल्या मे महिन्याला लागू पडत नाही. आपल्याकडे पारा ४४-४५ वर जातो, रात्र सरली तरी डांबराची धग उरलेली असते. पावसाळ्यात काळी माती बुटाला धरून बसते. महामार्गाच्या कडेला पळावं तर केळीचे आणि कापसाचे ट्रक. या सगळ्यावर आपल्याच माणसानं आपल्याच बोलीत बोलायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

तर लिहा: सुरुवात कशी झाली, रेकॉर्डिंग कसं करता, आणि पळायचा किंवा बोलायचा कंटाळा येतो तेव्हा काय करता.

आधी माझं सांगतो. पॉडकास्टमुळे माझं पळणं सावकाश झालं आणि सावकाश झालं म्हणूनच टिकलं. मी कॉलर माईक लावून पळतानाच बोलतो. पूर्ण वाक्य न तुटता बोलता आलं पाहिजे, हीच सोप्या पळण्याची जुनी कसोटी आहे. दोन शब्दांत धाप लागली तर वेग जास्त आहे. घड्याळ हे सांगेपर्यंत उशीर होतो, आवाज लगेच सांगतो. ऐकणाऱ्यालाही ते कळतं. लळिंगच्या चढावर मी बोलायचा थांबलो की लोक नंतर लिहितात, "दादा, तिथं चालायचं होतं."

माझ्या पॉडकास्टमधला सगळ्यात जास्त ऐकला गेलेला भाग अहिराणीत आहे. 'काउच टू ५के' नावाचा, नवख्यांना ५ किलोमीटर पळण्यापर्यंत नेणारा ९ आठवड्यांचा कार्यक्रम १९९६ पासून जगभर वापरला जातो. त्याच्या पहिल्या आठवड्यात ५ मिनिटं भरभर चालायचं, मग ६० सेकंद पळायचं, ९० सेकंद चालायचं, असं २० मिनिटं. मी मोबाईलवर वेळ लावून तेवढंच बोललो: "आते पय... हयूहयू... आते चाल." बाकी थोड्या गप्पा. कानात आपल्या गावचा आवाज असला की माणूस ती २० मिनिटं पुरी करतो. पुढच्या आठवड्यांचे भागही मग तसेच केले.

जळगाव, बँकेत नोकरी

आमची सुरुवात भिशीतून झाली. आम्ही काही जणी मेहरूण ट्रॅकवर चालायला जायचो, त्यातल्या दोघी-तिघी पळू लागलो. बाकीच्या विचारायच्या, म्हणून मी व्हॉट्सअ‍ॅपवर आवाज पाठवायला लागले. ते आवाज मैत्रिणींच्या मैत्रिणींकडे गेले आणि पुढे त्याचाच पॉडकास्ट झाला.

मी घरीच रेकॉर्ड करते, गोधड्यांच्या कपाटाचं दार उघडं ठेवून त्याच्याकडे तोंड करून. कापडात आवाज घुमत नाही. अडचण उन्हाळ्याची. कूलर चालू असला तर रेकॉर्डिंग बाद, आणि कूलर बंद करून मेमध्ये बोलवत नाही. म्हणून उन्हाळ्याचे भाग मी मार्चमध्येच बोलून ठेवते.

बायकांचे प्रश्न वेगळे असतात आणि ते कुठेच मोकळेपणानं बोलले जात नाहीत. स्पोर्ट्स ब्रा कशी निवडायची, पाळीत पळावं का, अंधारात कोणत्या रस्त्याला जाऊ नये, ओढणीचं काय करायचं. मी हे सगळं नाव घेऊन बोलते. पाळीत त्रास नसेल तर पळायला हरकत नाही, हे एवढं साधं वाक्य ऐकून कितीजणींनी लिहिलं! एक भाग हिमोग्लोबिनवर केला. सारखा थकवा येतोय, पाय ओढल्यासारखे वाटतायत, तर 'मन लागत नाही' म्हणून स्वतःला बोल लावण्याआधी रक्त तपासा. लोह कमी असलं की उत्साह कुठून येणार? जेवणाबरोबर चहा नको, त्यानं लोह अंगी लागत नाही. पालेभाजीवर लिंबू पिळा, त्यानं लागतं. गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारूनच.

आणि एक भाग सासूबाईंबरोबर केला. तरुणपणी त्या कापूस वेचायला कोस-कोस चालत जायच्या, डोक्यावर ओझं घेऊन परत यायच्या. त्या म्हणाल्या, "आम्हाले कोनी इचारलं नाही, पाय दुखता का म्हनून." तो भाग ऐकल्यावर आमच्या गल्लीतल्या दोन सासवा सुनांना घेऊन ट्रॅकवर आल्या. उत्साह टिकवण्यासाठी मी हेच करते. माझं बोलणं कोरडं पडायला लागलं की घरातलं, शेजारचं एखादं माणूस माईकसमोर बसवते.

भुसावळ, लोको पायलट

मी मालगाडीवर आहे. कॉल कधी येईल त्याचा भरवसा नाही, त्यामुळे 'दर रविवारी नवा भाग' हे मला जमणारं नाही आणि 'रोज सकाळी ५ वाजता पळा' हेही नाही. दिवसपाळी-रात्रपाळीत काम करणाऱ्यांसाठी म्हणूनच मी पॉडकास्ट सुरू केला. रेल्वेवाले, दवाखान्यातल्या सिस्टर, दीपनगरच्या वीजकेंद्रातले लोक ऐकतात.

माझा नियम असा: रात्रपाळीनंतर आधी झोप, मग पळणं. झोप अपुरी असताना जोरात पळून दुखापत घ्यायची नाही. आठवड्याचे वार मी मोजत नाही. एका विश्रांतीपासून दुसऱ्या विश्रांतीपर्यंत एकदा पळायचं, किलोमीटर न बघता मिनिटं बघून. असं ठरवल्यापासून 'चुकलं' ही भावनाच राहिली नाही. माझ्या मते बरेच जण पळणं सोडतात ते आळसामुळे नाही. दुसऱ्याच्या वेळापत्रकात आपलं आयुष्य बसत नाही, म्हणून सोडतात.

रेकॉर्डिंगमध्ये यार्डातली शिट्टी येते. सुरुवातीला काढत होतो, आता ठेवतो. बडनेरा, इगतपुरीचे लोक ती ऐकूनच ओळखतात की आपलाच माणूस बोलतोय.

शहादा तालुका

पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरांसाठी मी बोलतो. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर आणि दोघांना १०० मीटर. ५० गुणांच्या मैदानीत मोठं पळणं २० गुणांचं आहे. पोरं रोज पूर्ण ताकदीनं १६०० पळतात आणि नडगी धरून बसतात. मी सांगतो, आठवड्यात दोनच दिवस जोर लावा, बाकी दिवस बोलत पळा.

माझी स्वतःची निवड झाली नाही. पण पळणं सोडवलं नाही, म्हणून आता त्यावरही बोलतो: भरती होवो न होवो, पळायचं. धडगावकडची पोरं पावरीत बोलतात, त्यांना त्यांच्याच भाषेत बोलू देतो. मुलींना कविता राऊतचं सांगतो. नाशिक जिल्ह्यातल्या आदिवासी पाड्यावरची मुलगी, २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरला कांस्य. आमच्याकडे हे सांगितलं की घरचेही ऐकतात.

रावेर, केळी बागायतदार

आमच्या शेतीला रात्रीची वीज असते त्या आठवड्यात मोटार चालू करायला उठावंच लागतं. पाणी सुटलं की बांधावर बसून राहण्यापेक्षा मुरमाच्या शेतरस्त्यावर पळायला लागलो. वडिलांना साखरेचा त्रास, मलाही भीती होतीच. पॉडकास्ट मोबाईलवरच करतो. वारा मोठा शत्रू. माईकवर फोमचं टोपण पुरत नाही, वर लोकरीची बारकी टोपी चढवली तेव्हा कुठं आवाज नीट आला.

मला उन्हावरच बोलायचं आहे, कारण यातच लोक फसतात. शरीराला उष्णतेची सवय व्हायला साधारण १० ते १४ दिवस लागतात. होळीनंतर ऊन तापायला लागलं की पहिले दोन आठवडे वेग आणि अंतर दोन्ही कमी करायचं, मग बघायचं. घाम खूप गेला असेल तर नुसतं पाणी ढोसत बसू नये, रक्तातलं मीठ पातळ होतं. मीठ घातलेलं ताक, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी किंवा मेडिकलमधलं ओआरएस. डोकं गरगरलं, बोलणं अडखळलं, घाम थांबून अंग भाजू लागलं, तर पळणं तिथंच संपवायचं. सावलीत झोपवून अंगावर पाणी ओतायचं आणि दवाखाना गाठायचा. केळीच्या बागेला उन्हाळ्यात जसं पाणी देतो आणि वाऱ्यापासून आडोसा करतो, तसा माणसाला वेळेचा आडोसा करावा लागतो. सूर्य वर यायच्या आत घरी.

एप्रिल-मे माझा पॉडकास्ट बंद असतो, हे मी आधीच सांगून टाकतो. मृगाला पुन्हा सुरू. ऐकणारे कमी होत नाहीत, उलट जूनमध्ये वाट बघत असतात.

चोपडा

मी या धाग्यातल्या दोघांचे भाग जोडून-कापून देतो, म्हणून तेवढंच लिहितो. 'ऑडॅसिटी' हे आवाज जोडण्या-कापण्याचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि पुरेसं आहे. बोलायच्या आधी पाच-सहा सेकंद गप्प राहा. त्या शांततेवरून मागचा सततचा आवाज काढता येतो. ८० हर्ट्‌झच्या खालचा, म्हणजे अगदी खर्जातला, आवाज कापला की वाऱ्याची घरघर बरीच जाते. बोलण्यासाठी मोनो (एकाच वाहिनीचा आवाज), ६४ केबीपीएस एवढा दर्जा बास आहे. अर्ध्या तासाची फाईल साधारण १४ एमबी होते, खेड्यातल्या नेटवरही उतरते. मूळ फाईल मात्र स्वतःकडे जपून ठेवा. गूगल पॉडकास्ट २०२४ मध्ये बंद झालं तेव्हा तिथं ऐकणाऱ्या लोकांना दुसरीकडे जावं लागलं. आपली आरएसएस फीड (ज्या पत्त्यावरून सगळ्या अ‍ॅपना आपले नवे भाग मिळतात तो) आपल्या हातात असली की असं झालं तरी पॉडकास्ट चालू राहतो.

अमळनेर, निवृत्त शिक्षक

माझं मत जरा वेगळं आहे, पण सांगितलं पाहिजे. मी काही काळ पॉडकास्ट केला आणि विचार करून बंद केला. बोरी नदीच्या काठानं पळताना माझ्या मनात सतत 'हे कसं सांगू' एवढंच चालायचं. पक्षी दिसला की त्याचं वाक्य व्हायचं. वर्गात आयुष्यभर बोललो, आता मला तासभर गप्प राहायचं होतं. बंद केल्यावर पळणं वाढलं, कमी झालं नाही. ज्यांना बोलण्यानं बळ मिळतं त्यांनी जरूर बोलावं, पण पळण्यासाठी पॉडकास्ट हवाच असं नवीन पोरांना वाटू नये. ऐकायला मला आवडतं. भुसावळच्या भाऊंचा प्रत्येक भाग ऐकतो, पण पळून घरी आल्यावर, चहा घेताना.

साठीनंतर सुरू करणाऱ्यांनी आधी हृदय आणि रक्तदाब तपासून घ्यावा, हे कोणी लिहिलं नाही म्हणून मी लिहितो.

धुळे (धागाकर्ता)

सर, तुमचं पटलं. तुमचं वाचूनच मी ठरवलं आहे की आठवड्यातलं एक पळणं माईकशिवाय करायचं, आणि ऐकणाऱ्यांनाही तसं सांगायचं. रस्त्यावर पळताना ऐकणाऱ्यांना आणखी एक सांगणं: एकाच कानात इयरफोन लावा, आवाज बारीक ठेवा आणि समोरून येणारी वाहनं दिसतील अशा बाजूनं पळा. सुरत-नागपूर आणि मुंबई-आग्रा महामार्ग टाळा, गावाकडचा आतला रस्ता शोधा.

जळगावच्या ताईंनी विचारलं होतं की सगळ्यांचा मिळून एक भाग करता येईल का. करूया. विषय उन्हाळा, रावेरच्या दादांचं बोलणं मध्यभागी, आणि तो होळीच्या आधी लोकांपर्यंत जायला हवा. प्रत्येकानं दोन-तीन मिनिटांचा आवाज पाठवायचा: गाव कोणतं, किती वाजता पळता, पायाखाली डांबर की मुरूम की काळी माती, आणि ऊन वाढल्यावर नेमकं काय बदलता. अहिराणी, तावडी, लेवा, पावरी, भिली, ज्या भाषेत घरी बोलता त्याच भाषेत. जोडायचं काम चोपड्याकडे. बोलायच्या आधी ते पाच-सहा सेकंद गप्प राहायचं तेवढं लक्षात ठेवा.