घरगुती खाद्यपदार्थांच्या धंद्याला पाठबळ द्यायचं तर नेमकं कशाला?

येसूरवाली (लातूर)
शेवया, कुरडया, येसूर (रश्श्यात घालायचं मसाल्याचं पीठ), धपाटे, शेंगदाण्याची चटणी आपल्याकडे घरोघरी होतं, तरी दुकानात गेलं की बाहेरच्या कारखान्याचं पाकीट हातात पडतं. सगळं घर एकट्या सोयाबीनच्या भावावर ठेवण्यापेक्षा घरात एक तरी विकाऊ पदार्थ तयार व्हावा, या मताची मी आहे. सोयी नाहीत असंही नाही. 2020 साली आलेल्या प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजनेत खर्चाच्या 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाख अनुदान ठेवलेलं. बचत गटातल्या बाईला 40 हजारांपर्यंत बीजभांडवलही. अन्नसुरक्षेची साधी नोंदणी 2011 च्या नियमांत वर्षाला 100 रुपयांत ठेवलेली. मग आपण मागे का?

परभणीची थोरली
ताई, तुम्ही कुरडईचं नाव घेतलंत म्हणून सांगते. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाटून चीक गाळायचा, रात्रभर निवळू द्यायचा, वरचं पाणी ओतून टाकायचं. पहाटे पातेल्यात हाटताना खांदा भरून येतो आणि ऊन चढायच्या आत सोऱ्यानं सगळ्या घालून व्हाव्या लागतात. हे सगळं वैशाखात, जेव्हा अर्ध्या गावाला टँकर असतो. भाव ठरवताना गहू, मीठ, गॅस मोजतात. बाईची मजुरी आणि पाणी कुणी धरत नाही. वर शेतातलं खुरपणं, घरचा स्वयंपाक सुटत नाहीच. याला स्वावलंबन म्हणायला माझी तयारी नाही.

किराणावाला (धाराशिव)
मी दुकानदाराच्या बाजूनं बोलतो, राग मानू नका. गटाचा माल मी ठेवून पाहिला. चव उत्तम. पण पाकिटावर तारीख नाही, वजन नाही, नोंदणीचा 14 आकडी क्रमांक नाही. पावसाळ्यात पापड सादळतात, दाण्याच्या चटणीला खवट वास येतो. गिऱ्हाईक माझ्याशी भांडतं, गटाशी नाही. शिवाय जो गट येतो तो पापड नि लोणचंच घेऊन येतो. एकाच गल्लीत सगळ्यांचा खप होणार कसा? अनुदानानं मशीन येईल, गिऱ्हाईक नाही येणार.

हळदीच्या गावचा (वसमत)
मला दोन्ही बाजू अर्धवट वाटतात. विकण्याआधी घरचं ताट बघा ना. 1993 च्या भूकंपानंतर लातूर-धाराशिव भागात काम उभं केलेल्या स्वयम् शिक्षण प्रयोगानं बायकांना एक एकराची शेती शिकवली. घरच्या जमिनीतला एक एकर बाईच्या हाती, त्यात डाळी, धान्य, भाजीपाला. आधी घरात खायचं, उरलं ते विकायचं. या कामाला 2016 साली संयुक्त राष्ट्रांचं इक्वेटर पारितोषिक मिळालं. डाळ, तिखट, हळद विकत आणणं थांबलं तर तो पैसा घरातच राहतो, आणि त्यासाठी लेबल लागत नाही की दुकानदाराची मिनतवारी.

येसूरवाली (लातूर)
वसमतचे भाऊ, एक एकर पटतो, पण ज्या घराला जमीनच नाही त्या बाईनं काय करायचं? धंदा तिलाच जास्त लागतो. थोरल्या वहिनींचं पाण्याचं म्हणणं मात्र मी मान्य करते. टँकरच्या गावात कुरडईचा आग्रह नको. येसूर, ज्वारीचं पीठ, चटण्या यांना पाणी फारसं लागत नाही, शिवाय ज्वारी आपली. मशीनच्या आधी वजनकाटा, पाकीट सील करायचं यंत्र आणि माल कोरडा ठेवायला पत्र्याचे डबे द्या, हे मी किराणावाल्या दादांच्या बोलण्यावरून म्हणते.

परभणीची थोरली
डबे द्या, काटा द्या, पण किमतीत मजुरी धरा. शेतात खुरपायला गेलं तर जो रोज मिळतो, त्याहून कमी पडत असेल तर मी माझ्या सुनेला येसूर कांडायला बसवणार नाही.

किराणावाला (धाराशिव)
मजुरी धरली की पाकीट कारखान्याच्या मालापेक्षा महाग पडेल. माझं गिऱ्हाईक दोन रुपयांसाठी दुकान बदलतं.

येसूरवाली (लातूर)
तर ते तुमच्या दुकानात नको. पुण्यात शिकणाऱ्या पोरांचे डबे, लग्नाचं रुखवत, दिवाळीच्या ऑर्डरी, तिथं चव ओळखून पैसे मोजतात. आमचा येसूर तिथंच जातो, रोख पैशात.