मॉडेलिंग आणि डेटा अ‍ॅनालिटिक्स एकाच पेपरात कसे शिकवावे?

बडोदे_गणित
सर्व जाणकारांस नमस्कार. मी बडोद्यातील एका महाविद्यालयात गणित शिकवतो. येत्या सत्रात एम.एस्सी.च्या विद्यार्थ्यांना गणिती मॉडेलिंग आणि डेटा अ‍ॅनालिटिक्स हे दोन्ही एकाच पेपरात शिकवायचे आहे. माझे संशोधन अवकल समीकरणांतले असल्यामुळे पहिली बाजू परिचयाची आहे. विद्यार्थी मात्र पायथॉनमध्ये चार ओळी लिहून वक्र बसवतात आणि आर-स्क्वेअर (जुळणी किती चांगली ते सांगणारा आकडा; १ म्हणजे परिपूर्ण) ०.९८ आला की काम संपले असे समजतात. जुळणी उत्तम असूनही मॉडेल संशयास्पद असू शकते, हे त्यांना पटेल असे उदाहरण कोणी सुचवाल का?

अनुप्रयुक्त
सर, केरमॅक आणि मॅकेंड्रिक यांचा साथीच्या गणिती मॉडेलवरचा १९२७चा शोधनिबंध वर्गात घ्यावा. मुंबईतील १९०५-०६च्या प्लेगमधील साप्ताहिक मृत्यूंवर त्यांनी बसवलेला वक्र फारच सुरेख जुळतो. पण त्यात ८९०, ०.२ आणि ३.४ असे तीनच आकडे आहेत, म्हणजे उंची, रुंदी आणि जागा. घंटेच्या आकाराची कोणतीही आकडेवारी तीन आकड्यांत बऱ्यापैकी बसते. शिवाय प्लेग मुख्यतः उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो, तर त्यांचे समीकरण माणसाकडून माणसाला होणाऱ्या संसर्गाचे आहे. माणसांतील प्लेग हे उंदरांतील प्लेगचे प्रतिबिंब मानल्याचे लेखकांनी स्वतःच नोंदवले होते. पाठ्यपुस्तके बहुधा ते गाळतात.

यापुढे एक गणित फळ्यावरच करून घ्यावे. संसर्गदर ०.५ व बरे होण्याचा दर ०.३ अशी एक जोडी घ्या आणि ०.४ व ०.२ अशी दुसरी. साथीच्या सुरुवातीला वाढीचा दर या दोहोंतील फरकाएवढा, म्हणजे दोन्हीकडे ०.२ असतो, त्यामुळे पहिल्या काही आठवड्यांच्या आकड्यांवरून कोणती जोडी खरी हे सांगताच येत नाही. पण संसर्गदर भागिले बरे होण्याचा दर ही गुणोत्तरे अनुक्रमे १.६७ आणि २ येतात, आणि साथ ओसरेपर्यंत पहिल्यात सुमारे ६८ टक्के, तर दुसऱ्यात सुमारे ८० टक्के लोक बाधित होतात. हा फरक स्वतः काढून पाहिल्यावर आर-स्क्वेअरवरचा भाबडा विश्वास आपोआप उतरतो.

विश्वामित्रीकाठ
वरील उदाहरण उत्तमच आहे, पण बडोद्याच्या मुलांना घरचे उदाहरणही द्यावे. शहरातून वाहणाऱ्या विश्वामित्री नदीची धोक्याची पातळी २६ फूट आहे आणि ऑगस्ट २०२४च्या पुरात पाणी ३५ फुटांच्याही वर गेले होते. पाऊस, आजवा जलाशयातून सोडलेले पाणी आणि नदीची पातळी यांच्या तासागणिक नोंदी मिळवता आल्या, तर मॉडेल तपासताना नोंदी सरमिसळ करून प्रशिक्षण (मॉडेल बसवण्यासाठी) आणि चाचणी (ते तपासण्यासाठी) अशा दोन भागांत वाटू नयेत. दहा वाजताची पातळी प्रशिक्षणात आणि अकराची चाचणीत गेली, तर जवळजवळ काहीच न शिकलेले मॉडेलही हुशार दिसते. एक अख्खा पूर बाजूला ठेवावा आणि त्यावरच परीक्षा घ्यावी.

बडोदे_गणित
मनःपूर्वक आभार. प्राचल (संसर्गदरासारखे मॉडेलमधले आकडे) वेगळे ओळखता न येण्याचा मुद्दा मी पहिल्याच आठवड्यात घेईन. वक्र बसवण्याची लघुतम वर्ग पद्धत (चुकांच्या वर्गांची बेरीज किमान करणे) प्रसामान्य समीकरणांतून, म्हणजे त्या किमान अटीतून थेट मिळणाऱ्या रेषीय समीकरणांतून, शिकवणे पुरेसे होईल का?

अनुप्रयुक्त
सिद्धतेपुरते होईल. संगणकावर मात्र क्यूआर विघटनच (सारणी लंब आणि त्रिकोणी सारण्यांच्या गुणाकारात मांडणे) वापरावे, कारण प्रसामान्य समीकरणांत कंडिशन नंबरचा (लहान चुका किती पटींनी वाढू शकतात ते सांगणाऱ्या आकड्याचा) वर्ग होतो: मूळ सारणीचा दहा हजार असेल, तर तिथे दहा कोटी होतो आणि अचूकतेचे चार अंक फुकट जातात.