फाउंड्रीतली धूळ आणि टीबी
वर दादांनी लिहिलंय की बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीत (धातू वितळवून साच्यात ओततात त्या कारखान्यात) पोरांना टीबी होतो तो तंबाखू न दारूमुळं. त्यानं धोका वाढतो हे खरंच, पण वाळूला विसरून कसं चालेल ओ? मोल्डिंगच्या, म्हणजे साचे करायच्या वाळूत सिलिका असते, शेकआऊट (साचा फोडून ओतीव माल काढणं) न फेटलिंगला (माल घासून साफ करणं) तिची इतकी बारीक धूळ उडते की डोळ्याला दिसत पण नाही, ती थेट फुप्फुसात खोलवर जाऊन बसते आणि तिथल्या ज्या पांढऱ्या पेशी टीबीचे जंतू गिळून मारतात त्या ही धूळ पण गिळतात, पण सिलिका काही पचत नाही, पेशीच मरतात. म्हणजे राखणदारच गेला. म्हणून सिलिकोसिसवाल्याला (या धुळीनं फुप्फुसं खराब झालेल्याला) टीबीचा धोका कितीतरी जास्त, आणि काम सोडल्यावर पण तो राहतो.

तोंडाला रुमाल बांधून ही धूळ थांबत नाही, नीट घट्ट बसणारा एन-९५ मास्क तरी पाहिजेच, पण खरं काम धूळ ओढून घेणाऱ्या एक्झॉस्टचं न पाणी मारून धूळ दाबायचं. कॉम्प्रेसरच्या हवेनं कपडे झाडायचं तर आधी बंद करा, कृपा करून. आणि गूळ खाल्ला की धूळ निघते म्हणतात, गूळ पोटात जातो हो, फुप्फुसात नाही.

सिलिकोसिस कायद्यानं सरकारकडे नोंद करायचा आजार आहे. दोन आठवड्यांवर खोकला असला तर सरकारी दवाखान्यात थुंकी फुकट तपासतात, आणि डॉक्टरला फाउंड्रीत काम करतो हे स्वतःहून सांगा, बरेचदा ते विचारतच नाहीत.