केळीच्या सोपटाचा वाख सोलापूरच्या मागावर यावा का?

विणकराची नात, साखर पेठ
आजोबांचा खड्डामाग घरातच होता. यंत्रमाग आले, चादरीला नाव मिळालं, माग उचलला गेला. इकडे करमाळा-टेंभुर्णीकडे घड उतरला की केळीचं खोड तोडून टाकतात. त्याच्या सोपटातून, म्हणजे खोडाच्या एकावर एक असलेल्या पापुद्र्यांतून, लांब, चकाकणारा वाख (तंतू) निघतो. तमिळनाडूत पत्तमडईचे विणकर कोरै गवताच्या काड्या सुती ताण्यात, म्हणजे उभ्या धाग्यांत, विणून चटया करतात, त्यांना भौगोलिक मानांकनही आहे. आपल्याकडे हातमाग येणारी माणसं आहेत, पण म्हातारी झालीत. आत्ताच सुरू करायला हवं.

यंत्रमागवाला, अक्कलकोट रोड
ताई, मजुरी कुठून काढणार? केळीचा वाख खोडाच्या उंचीएवढाच. गाठी मारत बसायचं, वर मागाच्या फणीत घासून तुटणार.

विणकराची नात
काका, ताणा सुतीच ठेवायचा. वाख फक्त आडवा, तोही ओलसर करून. वाळला की कडकडीत होतो. यातून पडदे होतील, भिंतीवरची विणलेली चित्रं होतील. ती तर सोलापूरला नवी नाहीत.

दोरवाल्याचा मुलगा, बार्शी
माझे वडील घायपाताची पानं ओढ्यात कुजवून, बडवून वाख काढायचे. अंगाला खाज, हाताला आठ-आठ दिवस वास. पोळ्याआधी कासरे, म्होरक्या, वेसणी वळून घरोघर द्यायच्या, बदल्यात पायली-दोन पायली जोंधळे. नायलॉन आला आणि ते सुटलं. मला वाईट वाटलं नाही. आज लोक त्याला कला म्हणतात, पण तेव्हा वळणारा गावकुसाबाहेरच राहिला. केळीचा वाख जरूर आणा, पण काढणाऱ्याला विणकराच्या बरोबरीनं मजुरी ठरवा. नाहीतर मी विरोधात.

केळीवाला, करमाळा
खोड आम्ही फुकट घालवत नाही. कुट्टी करून रानातच गाडतो, पालाश परत मिळतं. शिवाय खोडात पाणीच जास्त, शहरापर्यंत वाहणं परवडायचं नाही. वाख काढायचं यंत्र बांधावर आणा, वाख न्या, चोथा आम्हाला राहू द्या.

विणकराची नात
बार्शीचे दादा, तुमची मजुरीची अट मला मान्य. आजी दिवसभर धोट्यासाठी सुताच्या कांड्या भरायची, तिची मजुरी कुणी कधी वेगळी धरलीच नाही. हे तुमचं वाचून आठवलं. आणि यंत्र बांधावर, हेही पटलं.

यंत्रमागवाला
माझा हिशेब अजून बसत नाही. एक मीटर विणा, वाख किती लागला आणि किती तास गेले ते इथेच लिहा. मग बोलू.